गोठ्यापासून सोफ्यापर्यंत

कोणत्या जनावरानं घरात कुठवर यायचं, याचा कोकणात एक नकाशा ठरलेला होता. रत्नागिरीकडच्या जुन्या कौलारू घरात बेड्यातून आत शिरलं की आधी खळं, मग पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि पाठीमागे परसू. गुरांचा गोठा बाजूला किंवा मागल्या अंगाला असायचा, पण इतका जवळ की रात्री गाय धडपडली तर माजघरातल्या म्हातारीला जाग यावी. कुत्र्याची हद्द खळ्यात संपे. फार पाऊस असला तर पडवीच्या कोपऱ्यात गोणपाट मिळे. पोपट पडवीच्या वाशाला टांगलेल्या पिंजऱ्यात. ज्या घरांत कोंबड्या चालत, तिथे त्या रात्री खुराड्यात. मांजराला मात्र थेट चुलीपर्यंत वाट मोकळी, कारण उंदीरही भाताच्या कणगीपर्यंत पोचायचे. ज्याचं जसं काम, तशी त्याची जागा. या सगळ्या हद्दी ओलांडायची मुभा एकट्या रांगत्या मुलाला होती. ते गव्हाणीत सापडायचं, मांजराच्या बशीत हात घालायचं, आणि कुत्र्याजवळून उचलून आणलं की भोकाड पसरायचं.

आज त्याच रत्नागिरीत गावोगावचे गोठे रिकामे पडलेत, काहींत मोटरसायकल उभी असते, आणि शहरातल्या फ्लॅटमध्ये कुत्रा सोफ्यावर बसलेला असतो. खळ्यातलं जनावर माजघराच्याही आत आलं, हे कसं घडलं? माया वाढली म्हणून, असं उत्तर सोपं आहे. पण या प्रवासाचा माग काढत गेलं की दुसरंच काही हाती लागतं. जनावराच्या अंगावरचं काम जसजसं सुटत गेलं, तसतसं ते घरात आत येत गेलं. आणि त्याच वेगानं मुलाच्या अंगावरचं जनावराचं कामही सुटत गेलं.

कातळावर न सापडणारी गाय

माग काढायला सर्वांत जुनी जागा म्हणजे रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतले सडे. जांभ्या कातळावर कोरलेली चित्रं गेल्या काही वर्षांत उजेडात आली. २०२२मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा आहे. इतरत्र वाघ आहे, गेंडा आहे, मासे आहेत. पण या चित्रांत शेतीची खूण सापडत नाही, असं अभ्यासक सांगतात. म्हणून ती शिकार करून जगणाऱ्या माणसांची असावीत, असा कयास आहे. तेव्हा जनावर पाहायचं, टिपायचं, त्याला भ्यायचं. दावं अजून वळलेलं नव्हतं. पुढे याच सड्यांवर शेकडो वर्षं रत्नागिरीची पोरं गुरं चारत राहिली. आपण कोणावर बसून भाकरी खातोय, हे त्यांना ठाऊक नसायचं. पायाखाली हत्ती, समोर कपिला.

वासराशी वाटणी

शेती आली, भात आलं, तशी गुरं आली. कोकणची गाय अंगानं लहान, दुधाला बेताची, पण डोंगरउताराला आणि चार महिन्यांच्या पावसाला टिकणारी. बैलही तसेच चिवट. दलदलीच्या खाचरात मोठ्या अंगाचा घाटी बैल रुतला असता. गाय दुधासाठी जितकी, तितकीच शेणासाठी आणि नांगराला बैल देण्यासाठी पाळली जायची. दूध जे काही निघे, ते आधी घरातल्या पोराला.

आणि इथेच मुलाचं जनावराशी पहिलं नातं जुळायचं, तेही भागीदारीचं. आई दूध काढायला बसली की वासरू धरून ठेवायचं काम घरातल्या चार-पाच वर्षांच्या पोराचं. पान्हा फुटेपर्यंत वासराला आचळाशी सोडायचं, मग ओढून बाजूला घ्यायचं. ते जोर करतं, पोर मागे रेलतं. एकाच्या तोंडचं दूध दुसऱ्याच्या वाटीत जातंय, हे दोघांना दिसत असतं. गाय व्याली की खरवस मिळतो, म्हणून गाय कधी विणार याची वाट घरात सगळ्यांत जास्त पोरंच पाहायची. विणं, मरणं, आजारपण या गोष्टी कोकणातल्या मुलाला कोणी समजावून सांगितल्या नाहीत; त्या गोठ्यात घडायच्या आणि कंदील धरायला त्यालाच उभं करायचे.

या वाटणीची जाण सणातही उतरली आहे. अश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वसुबारसेला, बायका मुलाबाळांसाठी उपास धरतात आणि गाय-वासराची पूजा करतात. त्या दिवशी गाईचं दूध, तूप, ताक खायचं नाही, असा नेम. मुलाचं आयुष्य मागायचं तर निदान एक दिवस वासराचा वाटा त्याला पुरता द्यायचा. या नेमाचा मला तरी हाच अर्थ लागतो. घाटावर बैलांचा थाट पोळ्याला असतो. दक्षिण कोकणात आणि गोव्यात गुरांचा मान दिवाळीच्या पाडव्याला. पहाटे गुरं धुवायची, शिंगं रंगवायची, गळ्यात झेंडूची माळ घालायची, ही कामं पोरांची.

पोरगं आणि कळप

आठ-नऊ वर्षांचं झालं की पोरगं वासरू सोडून कळपाकडे जाई. पावसात डोक्यावर इरलं किंवा घोंगडी, हातात काठी, फडक्यात भाकरी. सकाळी गुरं सोडायची, सड्यावर किंवा रानात न्यायची, दुपारी पाण्यावर आणायची, तिन्हीसांजेला मोजून आत घ्यायची. एखादी ओढाळ गाय सारखी कोणाच्या तरी भातात शिरे. तिच्या गळ्यात लोढणं बांधलं जाई. तरीही शिरली आणि शेतवाल्यानं कोंडवाड्यात घातली, तर दंड भरून सोडवून आणावी लागे. १८७१च्या कायद्यानं कोंडवाड्याला सरकारी रूप दिलं, पण घरी मार खायचा तो पोरानंच.

या चित्राला हिरवीगार चौकट घालायचा मोह आवरला पाहिजे. गुरं राखायला जाणारं पोर शाळेत जात नव्हतं. शिवाय ते कोणाचं पोर आणि गुरं कोणाची, हाही प्रश्न होता. रत्नागिरी जिल्हा खोतीचा. गुरं खोताची आणि राखणारं पोर कुळाचं, अशी वाटणी गावोगाव होती. जनावर मेल्यावर तर वाटणी आणखी कठोर व्हायची. घरात दिवसभर कोणी जेवलं नाही, पोरांनी रडून डोळे सुजवले, तरी मेलेली गाय ओढून नेण्याचं काम गावानं महार समाजाच्या माथी मारलेलं होतं, आणि त्या घरांतही मुलं होतीच. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेत मेलेली जनावरं ओढणं आणि मृतमांस खाणं सोडून द्या असं बजावलं. ‘मुलं आणि जनावरं’ या विषयाच्या इतिहासात ही तारीख सहसा कोणी घालत नाही. मला ती घालावीशी वाटते, कारण लळ्याचा वारसा सांगताना ओझं कोणी वाहिलं हे सांगितलं नाही, तर हिशेब अर्धाच राहतो.

गाईची लस, कुत्र्याचं विष

जनावराच्या सोबतीत मुलाला धोकाही होता आणि आधारही, आणि दोन्हींचा इतिहास एकमेकांजवळून जातो. गाईकडून आलेला आधार म्हणजे देवीची लस. गाईच्या देवीचा संसर्ग झालेल्यांना माणसाच्या देवी होत नाहीत, ही गवळणींच्या बोलण्यातली गोष्ट एडवर्ड जेन्नर यांनी १७९६मध्ये एका आठ वर्षांच्या मुलावर पारखून पाहिली. ती लस बगदाद, बसरा करत मुंबईला पोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. हिंदुस्थानात ती यशस्वीपणे घेणारं हे पहिलं मूल. पुढे लस वासराच्या अंगावर तयार होऊ लागली. बेळगावचा व्हॅक्सिन डेपो त्याच कामासाठी उभा राहिला. गावात टोचणारा आला की पोरं माळ्यावर लपून बसायची. दंडावरचे ते गोल वण आजही साठी ओलांडलेल्यांच्या अंगावर दिसतात.

धोका कुत्र्याचा. पिसाळलेलं कुत्रं चावलं की कोकणात गावठी उपचार आणि देवाचा कौल यापलीकडे फारसं काही हाती नव्हतं. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस दिली. इथेही परीक्षा द्यायला मूलच पुढे. हिंदुस्थानात १९००मध्ये कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघालं, पण रत्नागिरीहून कसौली म्हणजे आधी बोटीनं मुंबई, मग रेल्वेनं थेट हिमालयाचा पायथा; आणि पावसाळ्यात बोट बंद. १९२०च्या दशकात मुंबईत हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये उपचार मिळू लागले, तेव्हा अंतर थोडं कमी झालं. डेव्हिड सेंपल यांनी १९११मध्ये कसौलीत मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेली लस जवळजवळ शतकभर चालली. बेंबीभोवतीची ती चौदा इंजेक्शनं म्हणजे आमच्या पिढीपर्यंत आयांच्या हातातलं शस्त्र होतं. कुत्र्याच्या शेपटीला हात लावलास तर चौदा घ्यावी लागतील, एवढं म्हटलं की पुरे. ही लस भारतात २००४च्या अखेरीस थांबली. आता दंडात मोजकी इंजेक्शनं घ्यावी लागतात आणि ती वेळेवर घेतली तर रेबीज टळतो. तरीही जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं रेबीजनं जातात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि संशयित जनावर चावलेल्यांत सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात. कारण साधं आहे: मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो, आणि चावल्याचं ते मार खायच्या भीतीनं घरी सांगत नाही.

कुत्र्याला खळ्यात ठेवण्यामागे सोवळं होतं, तसं हे भयही होतं. शिवाय तिथे त्याला काम होतं. रत्नागिरी जिल्ह्यात बिबट्या आजही घराच्या आवारापर्यंत येतो आणि बहुतेक वेळा कुत्राच उचलतो. सकाळी साखळीच तेवढी शिल्लक, हा अनुभव कित्येक घरांत आहे. पोरांना मोती गेला एवढंच सांगितलं जायचं. थोडे दिवस गेले की कोणीतरी नवं पिल्लू आणायचं आणि त्याचंही नाव मोतीच ठेवायचं.

१९३३ची गाय

या सगळ्या नात्याला मराठीत सर्वांत ठसठशीत शब्दरूप मिळालं ते तुरुंगात. दापोली तालुक्यातल्या पालगडला २४ डिसेंबर १८९९ रोजी, एका उतरत्या खोत घराण्यात जन्मलेल्या साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्यातली एक रात्र अख्खी ‘मोरी गाय’ या नावाची आहे. मोरी आईच्या हाताला लागलेली; घरातल्या माणसांत तिची गणना; आणि गावात गुरांची साथ येते तेव्हा तिचं जाणं हे घरच्या पडत्या काळाचाच भाग होऊन येतं. पुढे थोड्याच अंतरावर ‘भूतदया’ नावाची रात्र आहे. श्यामला दया शिकवायला आईला वेगळा पाठ घ्यावा लागत नाही. ती स्वतः जनावराशी कशी वागते, ते पोर पाहत असतं.

याच काळात, त्याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, गाईबद्दल अगदी वेगळा विचार लिहिला जात होता. १९२४ ते १९३७ या काळात विनायक दामोदर सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांच्या विज्ञाननिष्ठ निबंधांपैकी एकाचा गाभा त्याच्या शीर्षकातच आहे: ‘गोपालन हवे, गोपूजन नव्हे’. गाय उपयुक्त पशू आहे, म्हणून ती नीट पाळा. देव मानून तिच्यापुढे हात जोडू नका. एकाच लाल मातीतली ही दोन टोकं. एकाला गाय घरचं माणूस वाटते, दुसऱ्याला ती उपयोगाचं जनावर. पण दोघांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: गाय घरात असणार आहे आणि तिला कोणीतरी पाळणार आहे. साठ-सत्तर वर्षांत गोठाच रिकामा होईल, हे दोघांच्याही हिशेबात नव्हतं.

गोठा कसा रिकामा झाला

एका घावात नाही झाला. आधी माणसं गेली. रत्नागिरीचा कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत, गोदीत, दुसऱ्याच्या घरात कामाला, गावी मनीऑर्डर. मागे राहिली म्हातारी, बाई आणि पोरं, आणि त्यांच्या जिवावर गुरं. पोरं शाळेत जाऊ लागली, ते चांगलंच झालं; पण मग गुरामागे जायला कोणी उरलं नाही. बिऱ्हाड मुंबईला हललं की गाय शेजाऱ्याला द्यायची आणि मांजर आपोआप शेजारी जेवू लागायचं. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पाळणार काय? फार तर मांजर, नाहीतर गॅलरीत पोपट. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी देशी पोपटाचा पिंजराही बेकायदा ठरवला. अनेक आजोबांना हे अजून पटलेलं नाही.

मग जमीन बदलली. १९९०मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फलोद्यान योजना आली आणि मोकळे कातळ, वरकस डोंगर हापूस-काजूच्या कलमांखाली गेले. पूर्वी भात कापलं की गुरं मोकळी सोडायची रीत होती. आता जिकडेतिकडे गडगे आणि तारा, आत कोवळी कलमं. मोकळं गुरू म्हणजे भांडण. नांगराला पॉवर टिलर आला, शेणीला गॅसचा सिलिंडर, दुधाला पिशवी. गाईचं एकेक काम दुसऱ्याकडे गेलं. कोकणची गाय ‘कोकण कपिला’ या नावानं स्वतंत्र जात म्हणून २०१८मध्ये राष्ट्रीय नोंदीत आली. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं तिचा अभ्यास केला. ज्या वर्षी तिला कागदावर नाव मिळालं, त्या वर्षी गावातल्या बहुतेक मुलांनी आयुष्यात एकदाही वासरू धरलेलं नव्हतं.

सोफ्यावर

कुत्र्याचा प्रवास उलट्या दिशेनं झाला. गळ्यात पट्टा, फिरायला नेणं, दिवाणखान्यात जागा ही रीत साहेबाच्या बंगल्यातली. तिथून ती संस्थानिकांकडे, वकील-डॉक्टरांकडे आणि मग मध्यमवर्गाकडे आली. पु. ल. देशपांड्यांनी ‘पाळीव प्राणी’मध्ये कुत्रेवाल्यांची यथेच्छ फिरकी घेतली, तेव्हा हे खूळ ओळखू येण्याइतकं पसरलेलं होतं आणि हसण्याइतकं नवंही होतं. आज हसू येत नाही, कारण हसणाऱ्याच्याही घरी लॅब्राडॉर आहे. थंड मुलुखातला केसाळ जीव रत्नागिरीच्या दमट उन्हात धापा टाकतो, पावसात त्याला गोचिड्या आणि कातडीचे रोग होतात. पण त्याच्याकडून कोणाला कसलं काम नको असतं. मुलाला सोबत म्हणून त्याला आणलेलं असतं. घरात मूल एक, शेजारचा दरवाजा बंद, आजी गावाला. भावंडाची जागा रिकामी आहे, आणि ती कुत्र्यानं भरायची आहे. हे काम खळ्यातल्या राखणीपेक्षा सोपं नाही.

दरम्यान शास्त्र पुन्हा गोठ्याकडे पाहू लागलं आहे. २०१६मध्ये अमेरिकेतल्या दोन शेतकरी समाजांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ॲमिश मुलं घरालगतच्या जुन्या पद्धतीच्या गोठ्यात लहानपणापासून वावरतात. हटराइट समाजाची शेती यंत्रांची आणि गोठे वस्तीपासून दूर. दोघांचं मूळ युरोपातलं, खाणंपिणं, राहणी बरीच सारखी. पण दम्याचं प्रमाण ॲमिश मुलांत सुमारे ५ टक्के, तर हटराइट मुलांत २१ टक्के. गोठ्याच्या धुळीतले सूक्ष्मजीव मुलाच्या प्रतिकारशक्तीला वळण लावत असावेत, असा निष्कर्ष निघाला. फिनलंडमधल्या ३९७ बाळांच्या २०१२च्या अभ्यासातही कुत्रा असलेल्या घरातली बाळं पहिल्या वर्षात सर्दीखोकल्यानं, कानाच्या दुखण्यानं कमी आजारी पडलेली दिसली. म्हणून कोणी पोराला शेणात लोळवू नये. लेप्टोस्पायरोसिस, जंत, रेबीज हेही त्याच अंगणात राहतात, आणि लस व जंताचं औषध या दोन गोष्टी आजीच्या गोठ्यात नव्हत्या म्हणून कितीतरी मुलं गेली. पण गोठा घराला चिकटून ठेवणारे आपले पूर्वज निव्वळ अडाणी होते, हा समज आता सोडायला हरकत नाही.

मग या मागोव्यातून आजच्या आईबापांनी घ्यायचं काय? गुरं परत येणार नाहीत, आणि पोरानं शाळा सोडून सड्यावर जावं असंही कोणी म्हणणार नाही. नव्या घरात जनावर बहुतेक वेळा मुलाच्या हट्टाखातर येतं, आणि महिन्याभरात त्याचं सगळं करणं आईवर पडतं. मुलाला फक्त खेळणं उरतं, आणि खेळणं जुनं होतं. जुन्या घरात लळा कामातून लागायचा. वासरू धरून हाताला दाव्याचे वळ उठलेल्या पोराला ते वासरू विकताना घशाशी आवंढा यायचा, तो काही कोणी त्याला दया शिकवली म्हणून नव्हे. पाणी भरणं, ताट घासणं, केस विंचरणं, लशीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवणं, पावसातही फिरवून आणणं, यांतलं सहा वर्षांच्या मुलाला झेपेल ते सहाव्या वर्षी आणि दहा वर्षांच्याला झेपेल ते दहाव्या वर्षी, हा जिना गोठ्यात आपोआप होता. फ्लॅटमध्ये तो मुद्दाम बांधावा लागेल.

पिल्लू घ्यायला निघालेली माणसं आधी जात विचारतात, मग किंमत, मग ते मुलांना चावत नाही ना, हे. आणखी एक प्रश्न घरातून निघण्याआधीच विचारावा: उद्या सकाळी त्याचं पाणी कोण भरणार? उत्तरात मुलाचं नाव येत नसेल, तर कुत्रा सोफ्यावर बसला काय आणि खळ्यात बसला काय, मुलाच्या वाट्याला तो आलेलाच नाही.